जालन्याजवळचं बेथेल : आजीच्या गावच्या चर्चचा इतिहास कुणाला माहितीये का?

शेवंतीची_नात

नमस्कार सगळ्यांना. माझ्या आईची आई जालन्याजवळच्या बेथेलची. आम्ही पुण्यात वाढलो, सुट्टीत गेलो तरी जालना शहरात मामाकडेच उतरायचो, त्यामुळे बेथेल मी लहानपणी ओझरतंच बघितलंय. आजी आता नाही. ती एक वाक्य कायम बोलायची की आपलं गाव साहेबानं नाही वसवलं, नारायणरावांनी वसवलं. हे नारायणराव कोण हे तेव्हा विचारायचं सुचलं नाही आणि आता आईलाही नीट सांगता येत नाही, तिला फक्त एवढं माहितीये की ते ब्राह्मणाचे ख्रिस्ती झाले होते आणि निजामाच्या दिवाणाकडून जमीन मिळाली होती.

मागच्या महिन्यात घर आवरताना जुनी ट्रंक उघडली. त्यात आजीच्या लग्नाचा दाखला निघाला, त्यावर चर्चचं नाव युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया. धाकट्या मावशीच्या बाप्तिस्म्याच्या कागदावर मात्र चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. आणि पणजोबांच्या नावाचं एक खूप जुनं, घडीवर फाटलेलं पत्र आहे, त्यावर प्रेसबिटेरियन चर्च असं छापलंय. म्हणजे आमच्या घराने तीनदा पंथ बदलला का? आई म्हणते छे, आम्ही कुठे गेलो, त्याच देवळात जात होतो (चर्चला आमच्याकडे देऊळच म्हणतात).

तर कुणाला या गावाबद्दल, तिथल्या मंडळीबद्दल (म्हणजे चर्चच्या समुदायाबद्दल) काही माहिती असेल तर प्लीज लिहा. मला हे माझ्या मुलीसाठी लिहून ठेवायचंय.

पैठणगेट

तुमच्या आजीचं वाक्य शंभर टक्के खरं आहे आणि फार थोड्या लोकांना माहीत असलेलं आहे. बेथेल वसवलं रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी. देशस्थ ब्राह्मण, परळीकर घराणं. मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकले (तीच संस्था पुढे विल्सन कॉलेज झाली) आणि १८४३ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरून मुंबईत केवढा गहजब झाला असेल याची कल्पना करा, पेशवाई जाऊन जेमतेम पंचवीस वर्षं झालेली.

खरा गहजब मात्र झाला तो त्यांच्या धाकट्या भावावरून, श्रीपतवरून. तो अजून पोरगाच होता, भावामागे मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडील मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात गेले, न्यायमूर्ती एर्स्किन पेरींनी मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. मग पुढचा प्रश्न, की मिशनच्या घरात राहून जेवलेल्या मुलाला परत जातीत घ्यायचं का. मोठमोठे शास्त्री नाही म्हणाले. तेव्हा प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं म्हणून ठामपणे उभे राहिले ते आपले दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर, आणि त्यापायी त्यांना स्वतःच्या लोकांचा प्रचंड रोष पत्करावा लागला. आपण शाळेत श्रीपत शेषाद्री प्रकरण म्हणून एका ओळीत वाचतो ना, ते हेच. एक भाऊ जातीत परत आला, दुसरा ख्रिस्ती पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, झाला आणि आयुष्याच्या शेवटापर्यंत त्यातच राहिला. मला दोघांबद्दलही वाईट वाटतं, त्यांच्या आईबद्दल तर जास्तच, तिचं नाव कुठे वाचायला मिळत नाही.

नारायणरावांना १८५४ मध्ये पाळक म्हणून दीक्षा मिळाली. मग इंदापूर भागात काम आणि १८६० नंतर जालना. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, पण तिथे इंग्रजांची लष्करी छावणी होती, त्यामुळे छावणीच्या आश्रयाने मंडळीला सुरुवात करता आली. रेल्वे नव्हती हे लक्षात घ्या, जालन्याला गाडी आली १९०० च्या सुमारास. म्हणजे हा माणूस मुंबईतलं बरं चाललेलं आयुष्य सोडून बैलगाडीच्या मुलखात आला.

आसपासच्या खेड्यांतून जे लोक ख्रिस्ती झाले ते बहुतेक मातंग समाजातले. ही माणसं आपापल्या गावात राहिली तर गावकी, बलुतं, पाणवठा, सगळीकडून कोंडी होणार. म्हणून स्वतंत्र गावच वसवायचं ठरलं. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी जमीन दिली, सुरुवातीला सारामाफी दिली आणि त्या माळावर बेथेल उभं राहिलं. घरं, विहिरी, शाळा, देऊळ. मुसलमान राज्याच्या दिवाणाने दिलेल्या जमिनीवर, ब्राह्मण घरात जन्मलेल्या पाळकाने, मातंग कुटुंबांसाठी वसवलेलं ख्रिस्ती गाव! मराठवाड्याच्या इतिहासात हे ठळक अक्षरात असायला पाहिजे होतं, आणि जालन्यातल्या शाळकरी मुलांनासुद्धा ते माहीत नसतं याचा मला खरंच त्रास होतो.

१८७३ मध्ये न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची (प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांची संघटना) मोठी जागतिक परिषद झाली तिथे ते बोलले. डोक्याला पागोटं, अंगात पांढरा अंगरखा, कोट पाटलोण नाही. १८९१ मध्ये अशाच एका परदेश दौऱ्यातून येताना बोटीवरच वारले.

गोदाकाठचा_वाचक

पैठणगेट, माहिती छान, पण मला एक टोचतं. आपण हे सगळं नारायणरावांची गोष्ट म्हणून सांगतो. त्यांचं मोठेपण आहेच, प्रश्नच नाही. पण जी कुटुंबं आपलं गाव, आपला वाटा, आपली म्हणून जी काही चारहात जागा होती ती सोडून त्या माळावर गेली त्यांनी जास्त पणाला लावलं. नारायणरावांच्या पाठीशी मुंबईचं मिशन होतं, इंग्रजी होतं, परदेशात मित्र होते. या माणसांच्या पाठीशी काय होतं?

आणि कायद्याचंही बघा. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाऊ नये असा कायदा १८५० मध्ये झाला, पण तो कंपनी सरकारच्या मुलखात. जालना निजामाकडे. त्यामुळे इथे जमिनीचा स्वतंत्र तुकडा आणि त्यावर दिवाणाचा शब्द याला जी किंमत होती ती मुंबईत बसून कळणार नाही. मिशनच्या जुन्या वृत्तांतांत किती बाप्तिस्मे झाले याचे आकडे असतात, विहीर कुणी खोदली त्याची नावं नसतात. शेवंतीची_नात, तुम्ही लिहिणार असाल तर ती बाजू लिहा. तुमच्या पणजोबांचे वडील किंवा आजोबा बहुतेक त्या पहिल्या लोकांतच असतील.

पैठणगेट

मान्य आहे, अगदी मान्य. अडचण एवढीच की नारायणरावांबद्दल कागद आहे आणि त्या कुटुंबांबद्दल घरातल्या आठवणी आहेत, आणि त्या आठवणी सांगणारी पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. म्हणूनच असे धागे निघाले पाहिजेत.

मंडळीतला

मी बेथेलचा नाही पण मराठवाड्यातल्याच एका खेड्यातल्या मंडळीत वाढलो, वडील तिथे बरीच वर्षं मंडळीचे वडील होते (घरातले पण आणि देवळातले पण), म्हणून तुमच्या तीन कागदांचं सांगतो.

तुमच्या घराने पंथ बदललेला नाही. आई बरोबर बोलतेय. नारायणरावांचं मिशन स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं, म्हणजे प्रेसबिटेरियन. १९०४ मध्ये भारतातल्या बऱ्याच प्रेसबिटेरियन मंडळ्या एकत्र येऊन प्रेसबिटेरियन चर्च इन इंडिया झालं. १९२४ मध्ये त्यात काँग्रिगेशनल मंडळ्या मिळाल्या, म्हणजे आपले नगरकडचे अमेरिकन मराठी मिशनवाले, आणि नाव झालं युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया. मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अजून काही चर्चेस, त्यात अँग्लिकन पण, मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. देऊळ तेच, बाकडी तीच, बोर्ड फक्त बदलत गेला. त्यामुळे तुमच्या कागदांवर तारखा पुसल्या गेल्या असतील तरी नुसत्या नावावरून काळ लावता येतो : प्रेसबिटेरियन छापलेलं पत्र १९२४ च्या आधीचं धरायला हरकत नाही, आजीचं लग्न १९२४ ते ७० मधलं आणि मावशीच्या बाप्तिस्म्याचा कागद ७० नंतरचा.

आता प्रेसबिटेरियन म्हणजे रोजच्या व्यवहारात काय ते. बिशप नाही. मंडळी स्वतःतून वडील निवडते, ते वडील आणि पाळक मिळून कारभार बघतात, त्याला सेशन म्हणायचे. त्याच्या वर प्रेसबितेरी, त्यात आजूबाजूच्या मंडळ्यांचे पाळक आणि वडील. स्कॉटलंडमध्ये १८४३ च्या मे महिन्यात चर्च फुटलं ते याच मुद्द्यावर, पाळक कोण हे जमीनदार ठरवणार का मंडळी ठरवणार. मंडळीच ठरवणार म्हणणारे बाहेर पडले, ते फ्री चर्च. मुंबईचे विल्सन वगैरे सगळे त्या बाजूने गेले आणि त्यांना शाळेची इमारत सोडून द्यावी लागली. नारायणरावांचा बाप्तिस्मा त्याच वर्षी आहे बघा, चारेक महिन्यांनी. तीच पद्धत इकडे आली, म्हणजे ज्या माणसाला त्याच्या गावात चावडीवर बसू देत नव्हते तो या पद्धतीत वडील म्हणून निवडून यायचा आणि पाळकाच्या शेजारी बसून मत द्यायचा. माझ्या आजोबांना सही येत नव्हती तेव्हापासून ते सेशनला बसायचे, नंतर सही शिकले ती त्याच्यासाठीच.

सेशनच्या जुन्या वह्या कुठे बघायला मिळाल्या तर सोडू नका. त्यात मोठं तत्त्वज्ञान नसतं. कोण महिनाभर उपासनेला आला नाही, कुणी दारू पिऊन भांडण केलं म्हणून प्रभुभोजनापासून (भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीपासून) दूर ठेवलं, कुणी मुलीचं लग्न फार लवकर लावायला निघालाय त्याला समजावायला कोण जाणार, विधवेला ज्वारी किती द्यायची, असलं सगळं. वाचताना अख्खं गाव समोर उभं राहतं.

देवळात मूर्ती नाही, मेणबत्त्यांचा थाट नाही, मधोमध व्यासपीठ आणि त्यावर शास्त्र, म्हणजे बायबल. पण म्हणून कोरडं पण नाही. पेटी, ढोलकी, टाळ, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं. आणि आमच्याकडे हंगाम निघाला की पीकदानाचा रविवार असायचा. ज्याच्या घरी जे पिकलं ते घेऊन यायचं, ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, भोपळे, मोसंबीची पाटी, अंडी, एखादी कोंबडी पाय बांधून, ती मधेच प्रार्थनेत ओरडायची. उपासना संपली की बाहेर लिंबाखाली लिलाव. लिलावाला माझे वडील उभे राहायचे. एका म्हातारीने पदरात चार अंडी आणलेली, ती बोलीत चढत चढत एवढ्या किमतीला गेली की म्हातारी घाबरूनच गेली, तिला वाटलं हे पैसे आपल्याला द्यायचेत. शेवटी घेणाऱ्याने अंडी तिलाच परत दिली, पैसे देवळाला. असं मुद्दाम करायचे, ज्याची भेट लहान त्याची बोली चढवायची.

शेवंतीची_नात

वाचून डोळ्यात पाणी आलं. खरंच. आईला फोन लावून सगळं वाचून दाखवलं. पीकदानाचा लिलाव ऐकल्यावर तिला एकदम आठवलं की बेथेलला आजोळी गेल्यावर असाच लिलाव तिने बघितलाय आणि आजोबांनी एक लाल भोपळा घेतला होता, तो घरी कुणाला आवडत नसताना.

अजून एक विचारते, जरा नाजूक आहे. आमच्या घरात जातीबद्दल कधी बोललंच गेलं नाही. मला कॉलेजात गेल्यावर कळलं की मूळ मातंग. मामाच्या शाळेच्या दाखल्यावर हिंदू लिहिलंय, मावशीच्या दाखल्यावर ख्रिश्चन. सख्खी भावंडं. आई म्हणते तेव्हा तसंच असायचं, आणि विषय बदलते. हे मी लिहावं का?

गोदाकाठचा_वाचक

लिहा. पण आईला विचारून, आणि मामाच्या मुलांना विचारून, कारण कागद त्यांचे आहेत.

यामागचं कारण काही गूढ नाही. १९५० चा राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश आहे, त्यात आधी फक्त हिंदू, मग १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध धरले गेले. ख्रिस्ती झालेला दलित त्यात आजही बसत नाही. म्हणजे मातंग मुलाने दाखल्यावर ख्रिस्ती लिहिलं की त्याची अनुसूचित जातीची सवलत गेली, गावाने मात्र त्याला वागवायचं तसंच वागवलं. देऊळ बदललं म्हणून वाड्यातलं पाणी कुणी हातात दिलं नाही. मग एका घरातली एक मुलगी नर्सिंगला मिशनच्या ओळखीने गेली तिच्या कागदावर ख्रिश्चन, भावाला सरकारी नोकरीची आशा होती त्याच्या कागदावर हिंदू. मी अशी किती घरं बघितलीत. त्या माणसांना कुणी ढोंगी म्हणालं की मला चीड येते. रविवारी देवळात बसणारा तो माणूस खरा होता आणि दाखल्यासाठी रांगेत उभा असलेला पण तोच खरा होता, कागदावर रकाना एकच होता त्याला तो काय करणार.

तुमची आई विषय बदलते त्यात लाज नसेल, धाक असेल. मामाची नोकरी, पेन्शन. तो धाक आता उरला नसेल तर ती बोलेल, घाई करू नका.

मंडळीतला

यात माझं एवढंच की आमच्या मंडळीत पण जात पूर्ण गेली असं कुणी म्हणू नये. वेगवेगळ्या जातींतून आलेली ख्रिस्ती घरं एका बाकावर बसायची, एका पेल्यातून प्रभुभोजन घ्यायची, पण सोयरीक जुळवताना मागची पिढी हळूच विचारायचीच. माझ्या बहिणीच्या वेळेला विचारलं गेलं. माझ्या आईने स्पष्ट सांगितलं, ज्याला हे विचारायचंय त्याने चहा पिऊन जावं. पुढच्या वर्षी बहिणीचं लग्न झालं ते चांगल्या घरात.

जुना_दस्त

धागा आत्ता बघितला. मी जुन्या कागदपत्रांचंच काम करतो, त्यामुळे शेवंतीची_नात यांना कामाचं सांगतो.

पहिलं म्हणजे ट्रंकेतले तिन्ही कागद आजच मोबाईलवर दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा, उजेडात, फ्लॅश न मारता. फाटलेली घडी सेलोटेपने चिकटवू नका, ती टेप वर्षांनी पिवळी पडून अक्षरं खाते. लॅमिनेशन तर अजिबात नको. साधा पांढरा कागद मधे घालून सपाट फाइलमध्ये ठेवा.

मग मंडळीच्या पाळकांना रीतसर पत्र द्या, फोनवर नको, की माझ्या अमुक नातेवाइकांच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदी बघायच्यात. नाव, बापाचं नाव, अंदाजे वर्षं लिहा. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये बऱ्याचदा आईबापाचं नाव, गाव आणि धंदा असा रकाना असतो, तो महत्त्वाचा, कारण बेथेलला येण्याआधी कुटुंब कुठल्या खेड्यातलं ते तिथून कळू शकतं. जुन्या नोंदी कधी कधी मोडीत असतात, घाबरू नका, मोडी वाचणारे संभाजीनगर (औरंगाबाद) आणि पुण्यात मिळतात.

जमिनीचं वेगळं. निजामाच्या काळचा महसुली कागद उर्दूत असतो, कधी फारसीत. त्यासाठी तहसीलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज करा, खासरा पत्रक आणि जुने फेरफार मागा. इथे धीर लागतो.

आणि परदेशातलं. स्कॉटलंडच्या मिशनचे कागद एडिंबरोला नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये आहेत, ईमेलला उत्तरं देतात. फ्री चर्चची एकोणिसाव्या शतकातली मासिकं बरीचशी स्कॅन होऊन इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहेत. त्यात शोधताना बेथेल टाकलं तर जगभरातली बेथेलं येतील, जालना टाका, आणि जालन्याचं इंग्रजी स्पेलिंग तेव्हा दोनतीन प्रकारे लिहायचे ते सगळे टाकून बघा. शेषाद्रींची पत्रं आणि वृत्तांत त्यातच येतात. मराठीत ज्ञानोदय या मिशनच्या नियतकालिकाचे जुने अंक बघा, १८४२ पासून निघतोय, नगरचं मिशन वेगळं असलं तरी जालन्याकडच्या बातम्या त्यात सापडतात.

एक विनंती, दफनभूमीत पण जाऊन या. तिथल्या दगडांवरची नावं आणि सालं लिहून घ्या. ज्या घराकडे एकही कागद नाही त्या घराचा निदान दगड असतो.

शेवंतीची_नात

सगळ्यांचे मनापासून आभार. लॅमिनेशनचं दुकान मी बघूनच ठेवलं होतं, ते रद्द. पाळकांना पत्राचा मसुदा आज रात्री लिहिते. आई म्हणाली दिवाळीनंतर तीही येते बेथेलला, मोठी मावशी जालन्यातच आहे, ती पंच्याऐंशीची आहे पण तिला सगळी नावं पाठ आहेत, कोण कुठल्या खेड्यावरून आलं त्यासकट. जुना_दस्त, मावशीचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करायचं तर काही वेगळी तयारी लागते का? तिला ऐकू कमी येतं आणि ती एकदा बोलायला लागली की मधे थांबवलेलं तिला चालत नाही.

जुना_दस्त

थांबवू नकाच. मोबाईल तिच्या जवळ उशीवर ठेवा, पंखा बंद करा, एअरप्लेन मोड लावा म्हणजे मधे फोन येणार नाही. सुरुवातीला तारीख आणि तिचं पूर्ण नाव तिच्याच तोंडून बोलून घ्या. प्रश्न नारायणरावांपासून सुरू करू नका, तिच्या आईच्या स्वयंपाकघरापासून करा, पाणी कुठल्या विहिरीवरून आणायचे ते विचारा. आणि ती नाव घेईल त्या प्रत्येक खेड्याचं नाव तिथल्या तिथे वहीत लिहा, नंतर रेकॉर्डिंगमध्ये ते ओळखू येत नाही.